कन्फेशन झालं, तरी शंका जात नाही

"सगळं सांगितलं ना? नीट सांगितलं ना? फादरांना कळलं ना?" कन्फेशन, म्हणजे फादरांपुढे पापं कबूल करणं, आटोपून चर्चच्या पायऱ्या उतरेपर्यंत हे प्रश्न पुन्हा छळू लागतात, अशी तक्रार अनेक तरुण कॅथलिक करतात.

बोरिवलीची २२ वर्षांची एक मुलगी (तपशील बदलले आहेत) आठवड्यातून तीन-चारदा कन्फेशनला जाई. बुधवारी माहीमला नोव्हेनाला (तिथल्या खास प्रार्थनेला), मग वांद्रे, मग दादर. मुंबईत हे फार सोपं आहे. लोकलने दोन स्टेशनं पुढे गेलं की नवे फादर, ज्यांना आधीचं काही ठाऊक नाही. चर्चचा नियम मात्र गंभीर पापांचं निवेदन वर्षातून किमान एकदा करा, एवढाच आहे.

शेवटी तिच्या पॅरिशच्या, म्हणजे तिच्या भागातल्या चर्चच्या, फादरांनी तिला पत्र लिहिलं, ते असं: गंभीर पाप ठरायला बाब गंभीर हवी, पूर्ण जाणीव हवी आणि मनापासून संमती हवी. मिस्सेत (चर्चमधल्या उपासनेत) डोक्यात घुसणारा ओंगळ विचार यात बसत नाही. यापुढे फक्त माझ्याकडे यायचं, पंधरा दिवसांतून एकदा. जुनं पुन्हा सांगायचं नाही. संमती होती की नव्हती अशी शंका आली, तर नव्हती असं धरून कम्युनियनच्या (पवित्र भाकर घेण्याच्या) रांगेत उभं राहायचं.

यातली शेवटची सूचना सर्वात मोलाची. १५२२ मध्ये स्पेनमधल्या मानरेसा इथे जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला याच त्रासात होते. जुन्यातलं अगदी स्पष्ट असेल तेवढंच सांगा, असं त्यांना सांगण्यात आलं. त्याचा उपयोग झाला नाही, कारण त्यांना सगळंच स्पष्ट वाटायचं. शंकेला आत शिरायला 'वाटलं तर ये' एवढी फट पुरते.

सुरुवातीला बेचैनी वाढतेच. मग कन्फेशनऐवजी गूगल सुरू होतं, नाहीतर आईला विचारणं. "काही नाही गं, देव रागावत नाही," असं आईने दहादा सांगणं म्हणजे घरगुती कन्फेशनच. घटकाभर बरं वाटतं आणि शंका आणखी घट्ट होते. त्यापेक्षा "शंका आलीय, येऊ दे. चल, जेवायला बस," हे बरं.

मात्र यात रोज तासाभराहून जास्त वेळ जात असेल किंवा नोकरी-अभ्यास अडत असेल, तर हा ओसीडी (नको ते विचार आणि त्यापायी पुन्हा पुन्हा तीच कृती करायला लावणारा मानसिक आजार) असू शकतो. मग नुसत्या पत्रावर भागत नाही. केईएम, नायर, सायन इथे मानसोपचार विभाग आहेत. पुन्हा कन्फेशन, पुन्हा विचारणं अशा कृती न करता बेचैनी ओसरू देण्याची थेरपी असते, गरजेप्रमाणे गोळ्या. गोळ्यांचा पुरता गुण यायला ८ ते १२ आठवडे लागतात, मध्येच सोडू नयेत. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं.