वडिलांच्या पक्षीनोंदींच्या वह्या रद्दीत देण्याआधी

तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि झोप उडाली. ट्रंकेत वडिलांच्या १४ वह्या, दिवाळीआधी घर रिकामं करून द्यायचंय, भाऊ म्हणतोय ‘महत्त्वाचं तेवढं एक्सेलमध्ये घे, बाकीचं रद्दीत दे’, आणि तुम्ही विचारताय की दुर्मिळ पक्ष्यांच्या नोंदी कशा निवडायच्या. हाच प्रश्न मला २००२ साली पडला होता. तेव्हा मी जे केलं त्याची भरपाई आजवर झालेली नाही, म्हणून जरा लांबण लावतेय.

वह्यांचे फोटो कसे काढायचे, कुठलं अ‍ॅप वापरायचं हे इथे कोणीही सांगेल. ते सोडून देते.

माझा मामा म्हसळा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होता. जिल्ह्याचं नाव तेव्हा कुलाबा, आताचा रायगड. सलीम अलींच्या पुस्तकामुळे त्याला पक्ष्यांचा नाद लागला आणि शेवटपर्यंत सुटला नाही. त्याच्या वह्या दोन प्रकारच्या होत्या. एक पक्की, शाईनं, सुवाच्य अक्षरात. तिच्यात काही खास दिसलं तरच नोंद. दुसऱ्या कच्च्या वह्या, शाळेच्या शिल्लक कागदांच्या, पेन्सिलीनं लिहिलेल्या. त्यात रोजचं सगळं. मामा गेल्यावर मी पक्की वही बसून टाइप केली. दोन महिने लागले आणि मला फार मोठं काम केल्यासारखं वाटलं. कच्च्या वह्या ३१ होत्या. चाळून पाहिल्या तर पानापानावर कावळे, घारी, साळुंक्या, गिधाडं. त्या मी रद्दीवाल्याला दिल्या. स्वतःच्या हातानं तराजूवर ठेवल्या.

कच्च्या वहीतलं एकच पान शिल्लक राहिलं, कारण मामानं पक्क्या वहीला त्याचंच कव्हर घातलं होतं. ते असं आहे:

‘१४.२.७३, बुध. स. ७.१०. देवळामागच्या नारळी. गि. ११, पैकी ३ घरट्यावर बसलेली. खाडीकडे घार ६, टिटवी २. चिमण्या मोजल्या नाहीत, शाळेच्या वळचणीला नेहमीएवढ्या. वरच्या आळीत बैल मेला, त्यावर गि. ४० च्या वर. मोजताना उडाली.’

‘गि.’ म्हणजे गिधाड. असं त्यानं रोज लिहिलं होतं, किती वर्षं ते आता मोजताही येत नाही. चार वर्षांनी एक तरुण संशोधक पत्ता काढत घरी आला. त्याला दक्षिण रायगडातले गिधाडांचे जुने आकडे हवे होते. मी पक्की वही पुढे केली. तिच्यात गिधाडाचा उल्लेख एकदाच आहे, तोही राजगिधाडाचा, कारण ते क्वचित दिसायचं. मुलगा काही बोलला नाही. कव्हरच्या पानाचा फोटो काढून घेतला आणि चहा पिऊन गेला.

गिधाडांचं काय झालं ते तुम्हाला ठाऊक असेलच. गुरांना दुखण्यावर डायक्लोफेनॅक द्यायचे, ते जनावर मेलं की मांसाबरोबर औषध गिधाडाच्या पोटात जायचं आणि त्याची मूत्रपिंडं निकामी व्हायची. हे कारण २००४ साली उघड झालं, भारतात गुरांसाठी ते औषध २००६ मध्ये बंद केलं. तोवर पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडं देशात हजारातलं एखादं उरली होती. पण मुळात ती कमी होताहेत हे कळलं कसं? राजस्थानात भरतपूरच्या पाणथळीवर पक्षी-अभ्यासक विभू प्रकाश यांनी ऐंशीच्या दशकात गिधाडं आणि त्यांची घरटी मोजून ठेवली होती. तेव्हा गिधाड कोणाच्या खिजगणतीतही नव्हतं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी पुन्हा मोजणी झाली तेव्हा घरटी रिकामी पडल्याचं आकड्यांत दाखवता आलं. आधीचे आकडे नसते तर ‘हल्ली गिधाडं दिसत नाहीत’ एवढंच लोक म्हणत राहिले असते.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे, कोणाला टोकाचं वाटलं तरी चालेल: दुर्मिळ पक्ष्यांच्या नोंदी राहिल्या तर राहू देत, रोजच्या नोंदी आधी वाचवा. तुमच्या वडिलांना नवरंग एकदा दिसला हे वाचायला छान आहे. पण शाळेच्या वळचणीला चिमण्या किती, तळ्यावर थंडीत बदकं किती, हे त्या गावापुरतं दुसऱ्या कोणाकडेही नसणार.

पक्षी सप्ताह आपण ५ ते १२ नोव्हेंबर पाळतो. पाच तारीख अरण्यलेखक मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसाची, बारा सलीम अलींच्या. भाषणं होतात, पोस्टर लागतात. तिकडे गोव्यात चोडणचं पक्षी अभयारण्य, कोइमतूरची पक्षी-संशोधन संस्था सलीम अलींच्या नावानं आहे, त्याचा आनंदच आहे. पण सलीम अलींची खरी पुंजी मला वेगळी वाटते. १९३० साली, जर्मनीहून शिकून आल्यावर हातात नोकरी नव्हती, तेव्हा हा माणूस अलिबागजवळ किहीमला राहिला आणि महिनोन्‌महिने पाहत बसला ते सुगरणीला. गावच्या विहिरीवर लोंबणारी घरटी कोणी पाहिली नव्हती? नर अर्धवट घरटं बांधतो, माद्या येऊन ते तपासतात, एखादीला पसंत पडलं तरच तो ते पूर्ण करतो आणि मग दुसरं बांधायला घेतो, हे त्यांनी दिवसादिवसाच्या नोंदींतून मांडलं. नंतर निजामाच्या संस्थानात, म्हणजे आपला मराठवाडा ज्यात होता तिथे, पाहणी करायला ते बिनपगारी निघाले, फक्त खर्च भागवा म्हणाले. सोबत पत्नी तेहमिना, तळाची सगळी व्यवस्था त्यांच्याकडे. त्या पाहण्यांमुळेच आज त्या मुलखाबद्दल ‘आधी काय होतं’ हे बोलता येतं.

आणि हे जुनं झालेलं नाही. २०२३ सालच्या देशपातळीवरच्या पक्षी अहवालात ९४२ जाती तपासल्या, पण दीर्घकाळाचा कल फक्त ३३८ जातींचा काढता आला. त्यासाठी २००० सालाआधीच्या नोंदी लागतात, आणि त्या आपल्याकडे तुटपुंज्या आहेत. त्या ३३८ पैकी सुमारे ६० टक्के जाती घटलेल्या निघाल्या. तुमच्या ट्रंकेत १९६८ ते १९९१ आहे असं तुम्ही लिहिलंय. विचार करा.

तुमच्या पोस्टमधली आणखी एक गोष्ट टोचली. वडिलांनी तितर मारून खाल्ल्याच्या नोंदी आहेत, शिवाय गुराख्यांबद्दल कडक शब्दांत लिहिलंय, ते गाळावं का असं तुम्ही विचारलंय. गाळू नका. सलीम अलींचा सगळा प्रवास लहानपणी छऱ्याच्या बंदुकीनं मारलेल्या पिवळ्या गळ्याच्या चिमणीपासून सुरू झाला. पुढे त्यांनी अभ्यासासाठी हजारो पक्षी मारले आणि ते लपवलं नाही. मतांचंही तसंच. भरतपूरचं पाणथळ वाचलं त्यात त्यांचा मोठा वाटा, पण तिथली गुरं बाहेर काढावीत हा आग्रहही त्यांचा होता. १९८२ मध्ये चराई बंद केली, गावकरी आत शिरले, गोळीबारात माणसं मेली. त्यांच्याच बीएनएचएसनं, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनं, तिथे दहा वर्षं अभ्यास केला आणि निष्कर्ष उलटा निघाला: म्हशी चरायच्या थांबल्यावर गवत माजलं, पाणी झाकलं गेलं, पक्ष्यांना जागा उरेना. गुरुस्थानी असलेल्या माणसाचं म्हणणं त्याच्याच संस्थेनं नोंदींच्या जोरावर खोडलं आणि छापलं. याला मी वारसा म्हणते. तुमच्या वडिलांचं मत चुकलेलं असू शकतं, त्याच पानावरची तारीख आणि आकडा मात्र चुकलेला नसेल.

आता ‘एखाद्या संस्थेला देऊन टाकू’ या सूचनेबद्दल. सगळीकडे असंच होतं असं नाही, चांगले अनुभवही ऐकलेत. माझा सांगते. पक्की वही आणि मामाचा पत्रव्यवहार मी एका ठिकाणी दिला होता, नाव घेत नाही. आधी म्हणाले, इंग्रजीत गोषवारा करून आणा. आणला. मग म्हणाले, समितीपुढे ठेवू. अडीच वर्षं मी फोन करत होते आणि दर वेळी नवा माणूस फोन घ्यायचा. शेवटी स्वतः गेले, तर गठ्ठा जिन्याखाली, पावसाच्या ओलीत, वर बिघडलेला पंखा ठेवलेला. शाई उतरलेली, दोन पत्रं एकमेकांना चिकटलेली. पोचपावती मागितली नव्हती, त्यामुळे कोणाला जाब विचारणार? तेव्हा मूळ वह्या द्याल तर पानांचे आकडे टाकून, यादी करून, सही-शिक्क्याची पोच घेऊन द्या. आणि आधी सगळ्या पानांचे फोटो. सगळ्या म्हणजे कोऱ्या वाटणाऱ्या पानांचेसुद्धा, मागच्या बाजूला हिशोब असला तरी. मामा हिशोबाच्या पानावरच पहिला पावशा कधी ओरडला ते लिहायचा.

नोंदी ई-बर्डवर, म्हणजे पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर, चढवायच्या झाल्या तर जुन्या याद्यांची सोय तिथे आहे. वडिलांच्या नावानं वेगळं खातं काढा, स्वतःच्या यादीत मिसळू नका. मोजलेलं नसेल तिथे अंदाजानं आकडा घालू नका, संख्येच्या जागी ‘एक्स’ टाकता येतो. ‘दिसलेले सगळे पक्षी नोंदवले का’ या प्रश्नाला खात्री नसेल तर ‘नाही’ म्हणा. गावातली नावं जशी लिहिलीत तशीच टिपून ठेवा. आमच्याकडे एकाच नावानं दोन वेगळे पक्षी निघाले. आणि वडिलांबरोबर फिरणारं कोणी हयात असेल तर या महिन्यातच जाऊन भेटा. ‘मोठ्या आंब्याखाली’ म्हणजे कुठला आंबा, हे तोच माणूस सांगेल. मला सांगणारा गेला, त्यामुळे ‘देवळामागच्या नारळी’ कुठल्या देवळामागच्या ते अजून नक्की ठरत नाही. त्या गावात देवळं तीन आहेत.

वडिलांच्या डब्यात पक्ष्यांची जुनी अंडी आहेत असंही तुम्ही लिहिलंय, त्याबद्दल: मी वकील नाही, चूकभूल असू शकते. पण १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे अशा वस्तू जवळ बाळगण्यावर बंधनं आहेत. विकू नका, कुरिअर करू नका, इथे फोटोही टाकू नका. जाणकार वकिलाला आधी विचारा आणि मगच वनखात्याकडे जा.

भावाला दिवाळीपर्यंत थांबवा. १४ वह्या म्हणजे रोज दोन तास धरले तर फोटोंचं काम दोन-तीन आठवड्यांत उरकेल. वह्या सुतानं घट्ट शिवलेल्या असतील तर शिवण उसवू नका, पान सपाट नाही आलं तरी चालेल. अक्षर लागत नसेल तर पानं मला पाठवा. पेन्सिलीचं पुसट मराठी मला वाचता येतं, दुपारी मी मोकळी असते. आणि ती ट्रंक जमिनीवर असेल तर आजच उचलून फळीवर ठेवा, पाऊस अजून गेलेला नाही.