पहिले साहित्य घेताना चेन सॉ सर्वांत शेवटी घ्यावा

एका ठेकेदाराच्या हाताखाली झाडांची छाटणी शिकल्यानंतर आपल्याला गोरेगाव-मालाड भागातील सोसायट्यांची कामे स्वतंत्रपणे घ्यायची आहेत, हाताशी साठ हजार रुपये आहेत, आणि त्यांत कोणता चेन सॉ (इंजिनावर फिरणाऱ्या साखळीची करवत) व कोणता सेफ्टी बेल्ट घ्यावा, असे आपण विचारले आहे. माझा सल्ला असा की हा क्रम उलटा करावा. आधी स्वतःला झाडाशी बांधून ठेवणारे साहित्य, मग एक उत्तम हातकरवत, त्यानंतर जमिनीवर उभ्या राहणाऱ्या माणसाचे साहित्य घ्यावे आणि पैसे उरले तरच चेन सॉ घ्यावा. न उरल्यास ओंडके तोडण्यापुरता तो भाड्याने आणता येतो. सोसायटीच्या आवारातील छाटणीत मनगटाएवढ्या जाडीपर्यंतच्या फांद्यांचेच काम अधिक असते आणि ओढताना कापणारी, वक्र पात्याची हातकरवत त्यासाठी पुरते. खाली उभ्या गाड्या, पत्र्याची शेड आणि पाण्याच्या पाइपलाइनी असल्यामुळे फांदी तुकड्यातुकड्याने दोराने उतरवावी लागते, त्यामुळे दिवसातला बराच वेळ कापण्यापेक्षा बांधण्यात जातो.

बांधकामावर वापरला जाणारा, पाठीवर कडी असलेला पूर्ण अंगाचा हार्नेस, म्हणजे अंगावर बांधायच्या पट्ट्यांचा सेफ्टी बेल्ट, ‘झाडालाही चालेल’ असे सांगून विकला जातो. पडणाऱ्या माणसाला अडवणे हे त्याचे काम आहे. झाडावरचा माणूस दोर ताणलेला ठेवून त्यावर तासन्तास बसतो, त्यामुळे त्याला मांड्यांना रुंद पट्टे, पुढे कडी आणि कमरेच्या दोन्ही बाजूंना कड्या असलेला, झाडकामासाठी बनवलेला हार्नेस लागतो. मुख्य दोर ११ ते १३ मिलिमीटर जाडीचा आणि किमान २२ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे २,२०० किलो भार सोसणारा असावा. हार्डवेअरच्या दुकानातील निळा किंवा पिवळा प्लास्टिकचा दोर फांद्या ओढण्यापुरता ठीक आहे, परंतु त्यावर माणूस लटकवू नये, कारण तो उन्हात लवकर ठिसूळ होतो आणि घर्षणाच्या उष्णतेने वितळतो. कॅराबिनर, म्हणजे दोर अडकवायच्या उघडता येणाऱ्या कड्या, तीन हालचालींशिवाय न उघडणारे, आपोआप बंद होणारे घ्यावेत. पिळाच्या कडीचे कॅराबिनर फांदीवर घासून हळूहळू उघडतात.

यासोबत पोलादी तारेचा गाभा असलेला आखूड लॅनयार्ड, म्हणजे कमरेच्या कड्यांतून खोडाभोवती घ्यायचा दोर, घ्यावा. कोणतीही करवत चालवताना माणूस दोन स्वतंत्र ठिकाणी बांधलेला असावा, हा नियम मोडू नये. ताणलेल्या दोराला चालती साखळी नुसती लागली तरी तो क्षणात तुटतो. पोलादी गाभा साखळीला काही काळ थोपवतो, मात्र तो कापला जातच नाही असे समजू नये.

मुंबईची हवा साहित्याला लवकर खाते. नायलॉनचा दोर भिजला की त्याची ताकद कमी होते, ओला गुंडाळून ठेवला की बुरशी धरतो, आणि टेम्पोत पेट्रोलच्या कॅनशेजारी टाकला तर वरून धड दिसत असूनही आतून कमजोर झालेला असू शकतो. म्हणून दोराची पिशवी वेगळी असावी आणि रोज सकाळी दोर बोटांतून वीतवीत सरकवून पाहावा. चपटी, कडक, काचेसारखी चकाकणारी किंवा आतून पोकळ लागणारी जागा आढळली तर तो दोर माणसासाठी वापरणे तिथेच थांबवावे. बहुतेक उत्पादक अशा साहित्याचे आयुष्य न वापरताही दहा वर्षांपर्यंतच धरतात, त्यामुळे जुने साहित्य स्वस्तात मिळाले तर आधी त्यावरची उत्पादनाची तारीख वाचावी.

दोर कितीही चांगला असला तरी तो ज्या फांदीवर टाकला आहे तिच्याइतकाच भरवशाचा असतो. गुलमोहराचे लाकूड ठिसूळ असते आणि जुन्या छाटणीच्या जखमांतून ते आत कुजत जाते. बाहेरून हिरव्यागार दिसणाऱ्या बेचक्यात हात घातल्यावर भुसा निघतो. पर्जन्यवृक्षाच्या आडव्या, लांबलचक फांद्या पावसात पाण्याने आणखी जड होतात. पिठ्या ढेकणाच्या प्रादुर्भावाने या शहरातील अनेक पर्जन्यवृक्ष वाळले, आणि अशा वाळलेल्या झाडावर चढण्याऐवजी हायड्रॉलिक पाळणा मागवावा, मग सोसायटीचे सेक्रेटरी खर्चावरून कितीही कुरकुरले तरी चालेल. चढण्यापूर्वी बुंध्याभोवती एक फेरी मारावी. मुळाशी भूछत्रे, जमिनीला नवी भेग, एका बाजूला उचललेली फरशी किंवा गटाराच्या खोदकामात तुटलेली मुळे दिसली तर त्या दिवशी काम घेऊ नये.

नारळाचा मुद्दा वेगळा आहे, आणि मुंबईत ही कामे आपल्याकडे भरपूर येतील. माडाला फांदी नसते, त्यामुळे वर दोर अडकवायला भक्कम जागा मिळत नाही. पारंपरिक पाडेली पायांना दोराचा फास लावून सराईतपणे चढतात. त्यांचे कौशल्य मान्य करूनही मी आपल्याला खोडाला वेढणारे दोन लॅनयार्ड आळीपाळीने वर सरकवत चढायला सांगेन, म्हणजे एक सोडताना दुसरा बांधलेला राहतो. लाल सोंड्या भुंग्याच्या अळ्या खोड आतून पोखरतात. खोडावर भोके, त्यांतून ओघळलेला तपकिरी द्रव, चघळल्यासारखा चोथा किंवा मधला कोंब झुकलेला दिसला तर त्या माडावर चढू नये. पायाला बांधायचे लोखंडी काटे फक्त पूर्ण तोडायच्या झाडावर वापरावेत, कारण जगणाऱ्या झाडाला पडलेले प्रत्येक भोक रोगाला वाट करून देते, आणि माडाची जखम तर कधीच भरून येत नाही.

तारांबाबत कोणाच्याही सांगण्यावर विसंबू नये. वॉचमन ‘ती केबलवाल्याची तार आहे’ असे सांगतो, परंतु त्याच झाडावर कोणीतरी रोषणाईच्या माळांसाठी जोडणी घेतलेली असते. ओली फांदी वीज वाहून नेते आणि ॲल्युमिनियमची शिडी तर त्याहून सहज नेते. वीजपुरवठा बंद करून घेण्यासाठी शहर भागात बेस्टकडे, उपनगरांत बहुतांशी अदानीकडे आणि भांडुप-मुलुंडकडे महावितरणकडे लेखी विनंती सोसायटीने आधीच करावी. रेल्वेच्या हद्दीलगतचे झाड असेल तर लोकलच्या वरच्या तारेत २५,००० व्होल्ट असतात आणि तिच्यापासून २ मीटरच्या आत माणूस किंवा त्याचे साहित्य जाता कामा नये. असे काम खासगी माणसाने रेल्वेला कळवल्याखेरीज अंगावर घेऊच नये.

जमिनीवरचा माणूस स्वस्तातला हरकाम्या असू नये. फांदी कोठे पडणार ती जागा दोरीने अडवणे, शाळेतून परतणाऱ्या मुलांना थांबवणे, दोराची टोके पायांत किंवा पालापाचोळ्यात गुंतू न देणे ही सगळी त्याची जबाबदारी असते. दोघांचे शब्द आधी ठरलेले असावेत. वरच्याने ‘सोडू का?’ विचारावे, आणि खालून ‘सोड’ असे स्पष्ट ऐकू आल्याशिवाय काहीही सोडू नये. गप्प राहणे म्हणजे होकार नव्हे. त्याच्याकडे दुसरा हार्नेस आणि दुसरा दोर असावा, आणि बेशुद्ध माणसाला झाडावरून उतरवण्याचा सराव त्याने एखाद्या बुटक्या आंब्यावर केलेला असावा. हार्नेसमध्ये निश्चल लटकलेल्या माणसाचे रक्त पायांत साठते आणि त्याची प्रकृती काही मिनिटांतच गंभीर होऊ शकते, त्यामुळे अग्निशमन दलाची वाट पाहणे ही एकमेव योजना असू नये. प्रथमोपचाराच्या पेटीत चिकटपट्ट्यांपेक्षा मोठ्या जखमेवर दाबायच्या जाड पट्ट्या हव्यात, आणि त्यांतील एक चढणाऱ्याच्या अंगावरच असावी.

आता सॉबद्दल. साखळी सेकंदाला सुमारे २० मीटर किंवा त्याहून अधिक वेगाने धावते. साखळी जिच्याभोवती फिरते त्या पट्टीच्या टोकाचा वरचा कोपरा लाकडाला लागला की साखळी तिथे अडते आणि पट्टी वर व मागे, म्हणजे चालवणाऱ्याच्या मानेकडे उसळते. यालाच किकबॅक म्हणतात आणि डोळा लवायच्या आत तो घडून जातो. डावा हात पुढच्या मुठीवर, अंगठा खालून वेढलेला असेल तर मनगट पुढच्या ढालीवर आदळून साखळी थांबवणारा चेन ब्रेक लागण्याची शक्यता जास्त असते. वरच्या मुठीचा छोटा सॉ एका हाताने चालवण्याचा मोह झाडावर फार होतो आणि व्हिडिओंमध्ये तो सर्रास दिसतो. तो टाळण्यासाठी आधी स्वतःची बसण्याची जागा बदलावी, मग कापावे. जागा बदलताना ब्रेक लावलेला किंवा इंजिन बंद असावे.

बोथट साखळीला जोर लावावा लागतो आणि जोर लावताना तोल जातो. लाकडाच्या चिपाट्यांऐवजी पिठासारखा भुसा पडू लागला की थांबून कानस काढावी. कानशीचा व्यास साखळीनुसार बदलतो, म्हणून अंदाजाने न घेता सॉच्या पुस्तिकेत पाहून घ्यावी, आणि दोन्ही बाजूंच्या दातांवर सारखेच हात मारावेत, अन्यथा काप एका अंगाला ओढतो. पेट्रोलमध्ये मिसळायच्या टू-स्ट्रोक तेलाचे प्रमाण बहुतेक आधुनिक सॉना ५० भाग पेट्रोलला १ भाग, म्हणजे लिटरला २० मिलिलिटर असते. सध्याच्या पेट्रोलमधील इथेनॉल दमट हवेतील पाणी ओढून घेते, म्हणून उरलेले मिश्रण पावसाळाभर टाकीत ठेवू नये.

हेल्मेटला हनुवटीचा पट्टा हवाच, आणि तो चढाईच्या हेल्मेटचा असावा. कारखान्याच्या अनेक हेल्मेटांचा पट्टा ठरावीक ताणाला मुद्दाम सुटण्यासाठी बनवलेला असतो. सॉपासून संरक्षण देणारी पँट मे महिन्यात नकोशी होते हे खरे आहे, तरीही जमिनीवर मोठा सॉ चालवणाऱ्याला तिच्यातून सूट देऊ नये. तिच्या आतील लांब धागे साखळीला गुंडाळून ती थांबवतात, परंतु तेलाने माखून चिकटलेले धागे तसे काम करत नाहीत, त्यामुळे ती धुवावी लागते. उन्हाचा उपाय कामाच्या वेळेत शोधावा. सकाळी सातला सुरुवात करून अकरापर्यंत चढाई संपवावी आणि दुपार खालची आवराआवर करण्यात घालवावी.

शेवटी दोन व्यावहारिक बाबी. खासगी आवारातील छाटणीलाही महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू होतो. महापालिकेच्या उद्यान खात्याची परवानगी सोसायटीच्या नावावर असली तरी तिची प्रत आपल्या खिशात असावी आणि तीत नमूद केलेल्या फांद्यांपलीकडे करवत जाऊ नये. पावसाळ्यात वर बगळ्यांची वसाहत आढळली तर परवानगी हातात असूनही काम पुढे ढकलावे, कारण घरट्यांना व पिल्लांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. आणि सॉ घेऊन लोकलने जायचा विचार असेल तर तो सोडून द्यावा. रेल्वेत पेट्रोल नेण्यास मनाई आहे, त्यामुळे टेम्पोचे भाडे पहिल्या दिवसापासून दरात धरावे.