संघाचा कारभारी व्हायचंय त्याला

ब्रॅम्प्टनहून एका आईचं पत्र आलंय. त्यातला मुख्य भाग असा:

"मुलगा अकरावीत आहे. गणित चांगलं, बाकी जेमतेम. हॉकी कधी खेळला नाही. आम्ही कॅनडात आलो तेव्हा तो नऊ वर्षांचा होता, स्केटिंगही उशिराच शिकला. पण टोरंटो मेपल लीफ्स या आइस हॉकी संघाचं वेड असं, की २०२३च्या मे महिन्यात संघाने जनरल मॅनेजर बदलला, तेव्हा व्हिक्टोरिया डेच्या लाँग वीकेंडला हा आठवीतला मुलगा मंडळातल्या काकालोकांशी तीन दिवस भांडत होता. त्याने एक वही केलीय, ती अजून चालू आहे. आता म्हणतो, मला जनरल मॅनेजरच व्हायचंय. ह्यांना वाटतं त्याने कॉम्प्युटर इंजिनिअरिंग करावं. रोज जेवताना हाच विषय निघतो आणि कोणीतरी ताटावरून उठतं. ही खरंच आवड आहे की नुसती बडबड? आणि त्या क्षेत्रात आपल्यातलं कोणी आहे का?"

प्रिय ताई,

पत्रासोबत वहीच्या एका पानाचा फोटो जोडलात ते फार बरं केलंत. पत्रापेक्षा त्या पानावर माझा जास्त वेळ गेला. डावीकडे खेळाडूचं नाव, शेजारी पगार, पुढे करार संपण्याचं वर्ष, आणि शेवटच्या रकान्यात पेन्सिलीने 'ठेवा', 'विका' किंवा 'थांबा'. लीफ्सचा मोठा खेळाडू ऑस्टन मॅथ्यूज, त्याच्या ओळीत 'थांबा' खोडलंय आणि कडेला बारीक अक्षरात लिहिलंय, '१ जुलैनंतर विकता येणार नाही'.

ते बरोबर आहे. २०२३च्या त्या तारखेपासून मॅथ्यूजच्या करारातलं नो-मूव्हमेंट कलम लागू होणार होतं, म्हणजे त्याच्या संमतीशिवाय त्याला दुसऱ्या संघाकडे पाठवणं शक्य नव्हतं. आठवीतल्या मुलाला हे कलम माहीत होतं, आणि त्यामुळे आपलं मत बदलावं लागतं हेही कळलं होतं. ही बडबड नाही, ताई. बडबड करणारा माणूस खोडत नाही.

तुमच्या यजमानांसाठी आधी हे काम काय असतं ते सांगते, कारण आपल्याकडे क्रिकेटच्या निवड समितीवरून अंदाज बांधला जातो आणि तो इथे चुकतो. जनरल मॅनेजर म्हणजे संघाचा कारभारी. मैदानावर कोण उतरेल ते प्रशिक्षक ठरवतो. संघात मुळात कोण असेल, त्याला किती वर्षांचा करार आणि किती पैसे द्यायचे, कोणाला कोणाच्या बदल्यात सोडायचं, ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तेव्हा, अठरा वर्षांचा कोणता मुलगा घ्यायचा, प्रशिक्षक कोण, हे सगळं कारभाऱ्याकडे. आणि हातात मोजकेच पैसे. एनएचएल या इथल्या सगळ्यात मोठ्या व्यावसायिक हॉकी लीगमध्ये प्रत्येक संघाच्या पगारखर्चाला कमाल मर्यादा असते. २०२३-२४च्या हंगामात ती ८ कोटी ३५ लाख डॉलर होती. एकाला जास्त दिले की दुसऱ्या कोणाचे तरी कमी होतात. घर चालवणाऱ्या कोणालाही हे समजावून सांगावं लागत नाही.

तुमच्याकडे तीन दिवस चाललेलं भांडण मला नीट आठवतं, कारण त्या आठवड्यात सगळ्या ओंटारिओत तेच चाललं होतं. काइल ड्युबस २०१८पासून लीफ्सचा जनरल मॅनेजर. १९६७नंतर स्टॅनले कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, न जिंकलेला संघ. २०२३च्या एप्रिलमध्ये टँपाला हरवून लीफ्सने २००४नंतर पहिल्यांदा प्लेऑफची, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद सामन्यांची, एक फेरी जिंकली, लोक रस्त्यावर नाचले, आणि पुढच्याच फेरीत फ्लोरिडाने पाच सामन्यांत गाशा गुंडाळायला लावला. १९ मे रोजी ड्युबसला काढलं. ३१ मे रोजी कॅल्गरीच्या संघाकडून आलेल्या ब्रॅड ट्रेलिव्हिंगची नेमणूक झाली.

एका बाजूचं म्हणणं होतं की ड्युबसने पैशाचं गणित चुकवलं. टॅव्हारेस, मॅथ्यूज, मार्नर आणि नायलँडर या आघाडीच्या चौघा खेळाडूंवर मिळून वर्षाला सुमारे ४ कोटी डॉलर, तेव्हाच्या मर्यादेच्या जवळपास निम्मे. मग बचावफळीला आणि गोलकीपरला उरतं काय? दुसरी बाजू म्हणायची, करार झाले तेव्हा मर्यादा दरवर्षी वाढत होती, पुढे कोविड आला आणि तीन हंगाम ती ८ कोटी १५ लाखांवरच अडकली, त्याला तो काय करणार? ट्रेलिव्हिंगवर तर आल्याआल्या राग. २०२२च्या उन्हाळ्यात त्याने कॅल्गरीचा मोठा खेळाडू मॅथ्यू कचक फ्लोरिडाला दिला होता, आणि तोच कचक असलेल्या फ्लोरिडाने आपल्याला घरी बसवलं. अशा माणसाला आपण आणतोय?

ताई, चिरंजीवांना इथे जरा थांबवून एक प्रश्न विचारा. कचकने कॅल्गरीशी लांब मुदतीचा करार करणार नाही असं कळवून टाकलं होतं. संघाचा दुसरा मोठा खेळाडू जॉनी गॉड्रो थोड्याच दिवसांपूर्वी करार संपून मोकळा झाला आणि कोलंबसच्या संघात गेला होता, आणि त्याच्या बदल्यात हाती काहीच लागलं नव्हतं. अशा कोंडीत ट्रेलिव्हिंगने कचक देऊन फ्लोरिडाचे ह्युबर्डो आणि वीगर, आणखी एक तरुण खेळाडू आणि ड्राफ्टच्या पहिल्या फेरीतली एक निवड मिळवली. आदल्या हंगामात ह्युबर्डोचे ११५ गुण होते (स्वतः केलेला किंवा करायला मदत केलेला प्रत्येक गोल म्हणजे एक गुण). तेव्हा पुष्कळ जाणकारांनी ट्रेलिव्हिंगची पाठ थोपटली. मग ह्युबर्डोला आठ वर्षांसाठी ८ कोटी ४० लाखांचा करार दिला, आणि पुढच्या हंगामात त्याचे गुण ५५वर आले.

तर चूक नेमकी कुठे? देवाणघेवाणीत, की नंतरच्या करारात? आणि ज्या दिवशी निर्णय घेतला त्या दिवशी ती दिसण्यासारखी होती का?

चाहत्याला हा प्रश्न विचारावा लागत नाही, निकाल लागल्यावर बोलायची त्याला मुभा असते. कारभाऱ्याला निकालाआधी सही करावी लागते. तुमच्या मुलाला एका बाजूकडून दुसरीकडे जायचं असेल, तर वाट इथूनच जाते. म्हणून त्याला माझा पहिला गृहपाठ. १ जून २०२३ची सकाळ आहे, तू नवा जनरल मॅनेजर आहेस, हातात ८ कोटी ३५ लाख आहेत आणि एक महिना आहे. तू काय करशील ते दोन पानांत लिही. नंतर काय घडलं ते वापरायचं नाही. मॅथ्यूजने ऑगस्टमध्ये चार वर्षांसाठी ५ कोटी ३० लाखांवर सही केली, हे तुला अजून माहीत नाही. दोन वर्षांनी मार्नर वेगसच्या संघात गेला, तेही नाही. आणि प्रत्येक निर्णयापुढे लिही, तो चुकला असं मी कशावरून मानेन. ही शेवटची ओळ सगळ्यात अवघड आहे. मोठ्यांनाही जमत नाही.

आता तो कधी खेळला नाही, याची तुम्हाला वाटणारी काळजी. पंचवीस वर्षांपूर्वी मी हे पत्र वाचून कदाचित मान हलवली असती. आज नाही. सॅन होजेचा माइक ग्रिअर चौदा हंगाम एनएचएल खेळून त्या खुर्चीवर आला, तो रस्ता आहेच. पण माँट्रिआलने २०२२मध्ये नेमलेला केंट ह्यूज खेळाडूंचा एजंट होता. ड्युबस व्यावसायिक हॉकी खेळला नाही. त्याचे आजोबा सू सेंट मरी ग्रेहाउंड्स या ज्युनिअर संघाचे प्रशिक्षक होते आणि तो शाळकरी वयातच त्या संघाच्या ड्रेसिंग रूममध्ये पडेल ते काम करू लागला. पुढे ब्रॉक विद्यापीठात स्पोर्ट मॅनेजमेंट, मग एजंट, मग पंचविशीत त्याच संघाचा जनरल मॅनेजर, आणि बत्तिसाव्या वर्षी लीफ्सचा.

मला स्वतःला सगळ्यात जवळची वाटते ती एरिक टल्स्कीची वाट. हा रसायनशास्त्रातला पीएचडी, नॅनोतंत्रज्ञानात नोकरी करणारा माणूस. संध्याकाळी सामने बघताना त्याला एक प्रश्न पडला. पक (खेळातली रबरी चकती) घेऊन निळ्या रेषेपलीकडे, समोरच्या संघाच्या भागात, शिरणं चांगलं, की तो आत फेकून मागे धावणं चांगलं? प्रशिक्षक पिढ्यान्‌पिढ्या फेकायला सांगत आले होते. कोणी मोजलंच नव्हतं. याने आणि आणखी काही हौशी मंडळींनी सामने पुन्हा पुन्हा लावून प्रत्येक प्रवेश हाताने नोंदवला. पक घेऊन शिरलं तर दुप्पटीच्या आसपास शॉट मिळतात असं निघालं. त्या कामामुळे कॅरोलिना हरिकेन्सने त्याला बोलावलं, आणि २०२४मध्ये तो त्यांचा जनरल मॅनेजर झाला. त्याला कुणी विचारलं नव्हतं तेव्हा तो मोजत बसला होता, हे मुलाला जरूर सांगा.

आपल्यातलं कोणी आहे का, असं विचारलंत. मराठी नाव माझ्या माहितीत नाही. पण फ्लोरिडा पँथर्सने २०२४ आणि २०२५ असे लागोपाठ दोन कप जिंकले, तेव्हा त्यांच्या आकडेवारी विभागाची धुरा भारतीय वंशाच्या सनी मेहताकडे होती. तो आधी व्यावसायिक पोकर खेळायचा. २०१४मध्ये न्यू जर्सी डेव्हिल्सने आकडेवारीचा विभाग सुरू केला तो त्याला घेऊनच.

यजमानांना सांगा, कॉम्प्युटर आणि ही वही यांचं वैर नाही. मी मुलाला संख्याशास्त्राकडे वळवेन, सोबत प्रोग्रॅमिंग. बारावीला मॅथमॅटिक्स ऑफ डेटा मॅनेजमेंट हा विषय त्याने घ्यायलाच हवा. विद्यापीठात संख्याशास्त्राची पदवी घेतली तर हॉकीत काही जमलं नाही तरी बँक, विमा, आरोग्य कुठेही दार उघडं आहे. मात्र ही गोष्ट त्याला 'हॉकी जमलं नाही तर' अशा सुरात ऐकवू नका. मुलं तो सूर लगेच ओळखतात. स्पोर्ट मॅनेजमेंट हवंच असेल तर नायगाऱ्याच्या वाटेवर सेंट कॅथरीन्सला ब्रॉक आहे, घरापासून फार लांब नाही. मला विचाराल तर आधी संख्याशास्त्र.

आणि फ्रेंच सोडू देऊ नका. नववीनंतर आपली मुलं सुटकेचा श्वास टाकतात. माँट्रिआलने ह्यूजला नेमलं तेव्हा नवा माणूस फ्रेंच बोलणारा हवा ही उघड अट होती, आणि चाहत्यांचा निम्मा वाद त्यावरच चालला होता.

याहून महत्त्वाचं म्हणजे बर्फाजवळ जाणं. २०२४पासून ओंटारिओ हॉकी लीगचा स्टीलहेड्स संघ तुमच्या ब्रॅम्प्टनमध्येच खेळतो. लीफ्सचं तिकीट परवडत नाही, पण सोळा-सतरा वर्षांची मुलं कशी खेळतात हे तिथे समोर बसून बघता येतं, आणि ड्राफ्टचं सगळं काम याच वयाच्या मुलांचं असतं. शाळेच्या चाळीस तासांच्या सामुदायिक सेवेत वस्तीतल्या मायनर हॉकीचं, म्हणजे लहान मुलांच्या संघांचं, काम बसतं का ते गायडन्स काउन्सेलरला विचारा. को-ऑपचंही, म्हणजे शाळेच्या अभ्यासक्रमातच बाहेर काम करण्याचंही, विचारा. काम काय मिळेल? वेळ नोंदवणं, पाण्याच्या बाटल्या भरणं, व्हिडिओ लावणं. मिळेल ते घ्यावं.

माझ्याकडे येणाऱ्या एका विद्यार्थ्याने गेल्या हिवाळ्यात एका लहान मुलांच्या संघासाठी व्हिडिओचं काम केलं. त्याच्याशेजारी बसून मी एक सामना पाहिला. वीस सेकंद चालवायचं, थांबवायचं, मागे न्यायचं, कोणी पक गमावला ते नोंदवायचं, पुढे जायचं. तासाभराच्या खेळाला चार तास लागले. तिसऱ्या तासाला मी कंटाळले होते. तो मुलगा मात्र मध्येच म्हणाला, "मॅडम, हा सात नंबर बघा, पक नसताना तो कायम योग्य जागी असतो." गोल करणाऱ्या मुलाचं नावसुद्धा त्याने घेतलं नव्हतं. तुमचा मुलगा तिसऱ्या तासाला काय करतो ते बघा. त्यावरून तुम्हाला जे कळेल ते माझ्या कुठल्याही कल चाचणीतून कळणार नाही.

एक कठीण गोष्टही सांगायलाच हवी. एनएचएलमध्ये संघ ३२, म्हणजे या खुर्च्याही ३२. त्या खुर्चीवर नजर ठेवून आयुष्य आखू नये. पण प्रत्येक खुर्चीभोवती नवे खेळाडू हेरणारे स्काउट, व्हिडिओ प्रशिक्षक, विश्लेषक, पगारमर्यादेचं गणित सांभाळणारे, करार वाचणारे वकील अशी माणसं असतात, आणि ज्युनिअर संघ, एजंटांची ऑफिसं, डेटा कंपन्या वेगळ्याच. तिथे सुरुवातीचा पगार तुटपुंजा असतो, प्रवास फार, सुट्ट्यांच्या दिवशीच काम जास्त. मोठ्या खुर्चीवरही सुख नाही. काढून टाकण्याच्या चार दिवस आधी ड्युबस पत्रकारांसमोर बसला होता आणि त्या वर्षाचा आपल्या कुटुंबावर किती ताण पडला याबद्दल बोलला होता. ती मुलाखत मुलाला दाखवा, आणि तेव्हा शेजारी बसा. १ जूनला तोच माणूस पिट्सबर्गच्या संघात नव्या पदावर रुजू झाला, हेही त्याला माहीत असेलच.

जेवणाच्या टेबलाचं म्हणाल तर महिनाभर हा विषय तिथे काढू नका. त्याऐवजी यजमानांनी रविवारी अर्धा तास वही घेऊन त्याच्यासोबत बसावं आणि फक्त प्रश्न विचारावेत. "याला एवढे पैसे का?" "हा आकडा कुठून आणलास?" "हे उलटं झालं तर?" इंजिनिअर माणसाला असे प्रश्न सुचतात, आणि या मुलाला सध्या टाळ्यांपेक्षा त्यांची गरज आहे. मंडळातल्या काकालोकांनी त्याचा आवाज पक्का केलाय. वडिलांनी त्याचं गणित पक्कं करावं.

दोन पानं लिहून झाली की मला पाठवा. सोबत जुन्या वहीतलं आणखी एक पान हवंय, जिथे त्याचा अंदाज साफ चुकला होता ते. निवड त्यालाच करू द्या.

तुमची,
करिअर मार्गदर्शक