शरीरक्रियाशास्त्रासोबत विज्ञानातली नीतीही शिकावी का?

हो, आणि दोन्ही एकत्रच. जठररसाचंच घ्या. १८२२ मध्ये अमेरिकेत अलेक्सिस सेंट मार्टिन या तरुण कामगाराला पोटात गोळी लागली. जखम भरली, पण जठरात उघडणारं भोक तसंच राहिलं. त्याच्यावर उपचार करणारे डॉ. विल्यम ब्यूमाँट यांनी त्यातून दोऱ्याला बांधलेले अन्नाचे तुकडे आत सोडले आणि पचन ही रासायनिक क्रिया असल्याचं दाखवलं. पण सेंट मार्टिन गरीब, निरक्षर, शिवाय त्यांच्याकडेच नोकर. त्याच्या होकाराला कितपत अर्थ? मला हा प्रश्न पचनाइतकाच महत्त्वाचा वाटतो.

तुम्ही नाशिकमध्ये एमबीबीएस करत असाल, तर २०१९ पासून अभ्यासक्रमात ‘एटकॉम’ (वृत्ती, नीती, संवाद) आहेच. तिथे हजेरीपुरते बसू नका. प्रात्यक्षिकात मित्राचा रक्तदाब मोजतानाही आधी विचारा, आणि आकडा वर्गभर सांगू नका.