मे महिन्यात नागपूरला सेसना १७२ या छोट्या विमानाचं लँडिंग डिस्टन्स (उतरायला लागणारं अंतर) किती वाढवायचं?

तुमच्या जुन्या हँडबुकात तळटीप आहे की तापमान स्टँडर्डपेक्षा दर ६० अंश फॅरनहाइटने जास्त असेल, तर अंतर १० टक्के वाढवा. नागपुरात ४५ अंश सेल्सिअस असताना ती कशी लावायची आणि अप्रोचचा (उतरण्यासाठी धावपट्टीकडे येतानाचा) वेगही वाढवायचा का, असं तुम्ही विचारलंय. वेगाचं आधी सांगतो, कारण तिथली चूक महागात पडते. वेग अजिबात वाढवू नका. इंडिकेटरवर नेहमीचाच आकडा ठेवा. हवा विरळ असल्यामुळे त्याच आकड्याला विमान जमिनीच्या मानाने आधीच जास्त वेगाने जात असतं. वर आणखी पाच नॉट्स घेतलेत, तर फ्लेअरमध्ये (टेकण्याआधी नाक उचलताना) विमान तरंगत राहील आणि धावपट्टी मागे सरत जाईल.

आता हिशेब. नागपूर विमानतळाची उंची साधारण १,०३० फूट. उन्हाळ्यात क्यूएनएच, म्हणजे समुद्रसपाटीच्या हिशेबाने काढलेला हवेचा दाब, कमी असतो. १००३ धरला तर १०१३ पेक्षा दहा हेक्टोपास्कल कमी, म्हणजे साधारण ३०० फुटांची भर. प्रेशर अल्टिट्यूड, म्हणजे स्टँडर्ड दाबाच्या हिशेबाने येणारी उंची, झाली १,३३० फुटांच्या आसपास. समुद्रसपाटीचं स्टँडर्ड तापमान १५ अंश आणि दर हजार फुटांना दोन अंश घट, म्हणून या उंचीला स्टँडर्ड तापमान सव्वाबारा-साडेबारा अंश. फरक जवळपास ३३ अंश सेल्सिअस, म्हणजेच ६० अंश फॅरनहाइट. तुमची टीप बरोबर एकदा लागू होते.

बरेच विद्यार्थी फरक काढताना समुद्रसपाटीचे १५ अंशच धरतात. नागपूरला त्याने फार बिघडत नाही. लेहला मात्र, १०,६०० फुटांच्या वर, स्टँडर्ड तापमान शून्याखाली सहा अंश असतं. तिथे २० अंशांची प्रसन्न दुपारसुद्धा स्टँडर्डपेक्षा २६ अंशांनी गरम ठरते.

तेव्हा आधी तक्त्यात समुद्रसपाटी आणि २,५०० फूट यांच्या मधला आकडा काढा, आणि मग त्यावर १० टक्के चढवा. समजा १,३०० फूट आले, तर १,४३० धरा. हे १० टक्के कुठून येतात तेही बघा: त्याच दाबाला हवेची घनता केल्विनमधल्या तापमानाच्या व्यस्त प्रमाणात असते. २८५ चे ३१८ झाले, म्हणजे साधारण साडेअकरा टक्के. खरा वेग घनतेच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात वाढतो, पण ब्रेकना जी ऊर्जा जिरवायची ती वेगाच्या वर्गाप्रमाणे, म्हणून तेवढेच टक्के अंतरात दिसतात.

ब्रिटनच्या नागरी विमान प्राधिकरणाने छोट्या विमानांसाठी दिलेला ठोकताळा अधिक कडक आहे: दर १० अंश सेल्सिअसला ५ टक्के, आणि सगळ्या दुरुस्त्या झाल्यावर १.४३ ने गुणा. मी विद्यार्थ्यांना हा गुणक लावायलाच सांगतो, कारण हँडबुकातले आकडे नव्या विमानाचे, निष्णात वैमानिकाचे आणि कोरड्या, सपाट धावपट्टीवरचे असतात. १,४३० चे मग २,०४५ होतात. नागपूरच्या ३,२०० मीटरच्या धावपट्टीवर त्याने काही अडत नाही. तीन हजार फुटांच्या पट्टीवर, शेपटीकडून थोडा वारा असताना, फार अडतं.

आणखी एक. एवढ्या उन्हात मला लँडिंगपेक्षा गो-अराउंडची (लँडिंग सोडून पुन्हा वर चढण्याची) काळजी जास्त वाटते. अंतर दहा-पंधरा टक्क्यांनी वाढतं, पण इंजिनाची ताकद घटल्यामुळे चढण्याचा दर त्याहून कितीतरी जास्त घसरतो, तेही फ्लॅप (पंखांमागच्या झडपा) पूर्ण उघडे असताना. म्हणून लँडिंगच्या तक्त्यासोबत त्याच तापमानाचा क्लाइंबचा तक्ताही उघडा, आणि गो-अराउंड कुठल्या उंचीपर्यंत करायचा ते फायनलला, म्हणजे धावपट्टीच्या सरळ रेषेत, वळण्याआधीच ठरवा.