टेंगूळ आलं, एक उलटी झाली, लगेच सीटी स्कॅन काढायचा का?

प्रश्न : माझा 5 वर्षांचा मुलगा मागच्या महिन्यात बगिच्यात घसरगुंडीवरून पडला, कपाळावर मोठं टेंगूळ, लगेच रडला, घरी आल्यावर एकदा उलटी. सासूबाई म्हणाल्या झोपू देऊ नको, शेजारचे म्हणाले मेडिकलला (सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात) नेऊन सीटी काढा. आता बरा आहे, पण पुन्हा असं झालं तर काय करू?
– एक आई, मानेवाडा, नागपूर

उत्तर : ताई, लगेच रडला, बेशुद्ध पडला नाही हे चांगलंच. उलटी झाली म्हणून डॉक्टरला एकदा दाखवायचंच, पण प्रत्येक मुलाला सीटी लागत नाही. त्यात रेडिएशन असतं, म्हणून मूल नॉर्मल असेल तर डॉक्टर पडल्यापासून 4 ते 6 तास नजरेखाली ठेवतात आणि मग ठरवतात. एक्स-रेत मेंदूतला रक्तस्राव दिसत नाही, त्याचा हट्ट नको.

या वयात टेंगूळ किती मोठं याच्यापेक्षा पोरगं कसं वागतंय ते बघा. ओळखतंय का, नीट चालतंय का, नेहमीसारखं बोलतंय का, हे आईइतकं कोणालाच कळत नाही, त्यामुळे "हा आज काहीतरी वेगळाच वाटतो" असं वाटलं तर डॉक्टरला ते सांगाच, कमी समजू नका. पुन्हा पुन्हा उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, झटका (फिट) येणं, हातपाय लुळे, नाका-कानातून रक्त किंवा पाणी, उठवूनही नीट जागं न होणं, यातलं एकही दिसलं की मेडिकल किंवा मेयो, यातला जो सरकारी दवाखाना जवळ पडेल तिथं तडक निघा. पाच फुटांपेक्षा वरून पडलं किंवा बिना हेल्मेट गाडीची धडक बसली तरी दाखवाच. 2 वर्षांच्या आतल्या बाळाला तर तीन फूटही पुष्कळ, आणि कपाळ सोडून बाजूला किंवा मागे मऊ टेंगूळ आलं तर घरी थांबू नका.

झोपेची वेळ झाली तर झोपू द्या, डॉक्टरनं सांगितलं असेल तर मधे उठवून बघा. टेंगूळ चोळू नका, फडक्यात बर्फ गुंडाळून 10 मिनिटं धरा. दुखलं तर वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल, पण आयबुप्रोफेन पहिले एक-दोन दिवस डॉक्टरला विचारल्याशिवाय नको आणि ॲस्पिरिन तर नाहीच.

एक-दोन दिवस घरी आराम, मोबाईल-टीव्ही कमी, मग हळूहळू शाळा. क्रिकेट, सायकल मात्र डोकेदुखी-चक्कर पूर्ण थांबल्यावर आणि डॉक्टरनं हो म्हटल्यावरच, कारण मेंदू सावरायच्या आत दुसरा मार बसला तर तो जास्त जड जातो.