नारिंगी पुठ्ठ्याची पुस्तकं

प्रश्न : ताई, तुमचं लहानपण नैरोबीत गेलं हे मागे एका उत्तरात वाचलं, म्हणून धीर करून लिहिते आहे. माझे वडील १९६८ ते १९७४ तिथे नोकरीला होते आणि मी सातवीपर्यंत तिथल्याच शाळेत शिकले. तेव्हा वाचलेली एक कादंबरी डोक्यातून जात नाही. गरीब घरातला मुलगा, आई त्याला विचारते शाळेत जाशील का, आणि आपल्याला आता शर्ट मिळणार म्हणून तो हरखून जातो. भाऊ सुतारकाम शिकत असतो. पुठ्ठा नारिंगी होता आणि लेखकाचं नाव जेम्स काहीतरी. मुलगा इंटरनेटवर शोधून दमला. मला एकदा परत वाचायची आहे. कुठली असेल ती?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : अहो, त्या ‘जेम्स’नेच घोटाळा केलाय. तुम्ही शोधताय ती ‘वीप नॉट, चाइल्ड’, १९६४ सालची. तुमच्या-माझ्या हातात आलेल्या प्रतीवर लेखक म्हणून जेम्स न्गुगी असंच छापलेलं होतं. पुढे सत्तरीच्या दशकात त्यांनी ते बाप्तिस्म्याचं ‘जेम्स’ टाकून दिलं आणि न्गुगी वा थिओंगो या नावाने लिहू लागले. मुलाला या नावाने शोधायला सांगा, पाच मिनिटांत सापडेल. (आमचा अख्खा वर्ग ‘न्गुगी’ म्हणायचा आणि न्गुगींच्याच किकुयू जमातीच्या मुली तोंडावर हात ठेवून हसायच्या. त्यांच्या तोंडी ते ‘न्गोगे’च्या जवळ जायचं. मला अजून जमत नाही.)

नारिंगी पुठ्ठा म्हणजे हायनेमनची ‘आफ्रिकन रायटर्स सिरीज’. ती १९६२ साली सुरू झाली आणि पहिली बरीच वर्षं तिचा सल्लागार संपादक होता नायजेरियन कादंबरीकार चिनुआ अचेबे. त्याच वर्षी युगांडात, कंपालाच्या मकेरेरे कॉलेजात आफ्रिकी लेखकांची परिषद भरली होती. न्गुगी तिथेच विद्यार्थी होते. त्यांनी आपलं हस्तलिखित तिथे अचेबेच्या हातात दिलं, आणि तीच ही कादंबरी. चोवीस वर्षांचा पोरगा आणि बगलेत हे बाड! मला हा प्रसंग कादंबरीइतकाच आवडतो.

तुमचा सुतार भाऊ म्हणजे कमाऊ. शाळेत जाणारा न्जोरोगे. त्याचा बाप न्गोथो हॉवलँड्स नावाच्या गोऱ्याच्या मळ्यावर राबतो, आणि तो मळा मुळात न्गोथोच्याच वाडवडिलांची जमीन. शेजारचा जाकोबो तेवढा गोऱ्यांच्या मर्जीतला, म्हणून त्याला पायरेथ्रम लावायची परवानगी. पायरेथ्रम म्हणजे डास मारायच्या औषधात जातं ते फूल. पुढे केनियातली १९५२ची आणीबाणी येते, गोऱ्यांविरुद्ध उठलेली माउ माउची माणसं जंगलात जातात, आणि न्जोरोगेची शाळा सुटते. तेराव्या वर्षी मला एवढंच कळलं होतं की हुशार मुलाची शाळा सुटली. रडले होते.

आता तुम्ही परत वाचणारच आहात, तर सुरुवातीच्या पानांवर जरा थांबा. तिथे गावातल्या हिंदी, म्हणजे भारतीय, दुकानदारांचं वर्णन आहे. या माणसांना नेमकं काय म्हणावं, ही पण गोरीच का, असा तिथल्या लोकांना प्रश्न पडलेला. ब्रह्मदेशात लढून आलेले सांगतात की यांच्या देशात हे गरीबच आहेत आणि त्यांच्यावरही गोऱ्यांचंच राज्य आहे. गांधी नावाच्या अंगभर कपडा नसलेल्या माणसाचीही चर्चा होते. आणि तिथेच एक छोटा प्रसंग आहे. दुकानातला एक हिंदी मुलगा न्जोरोगेला गोळी देतो. तो ती तोंडात घालणार इतक्यात आई ओरडते, सकाळपासून पोटात काही गेलं नाही का तुझ्या, अशा अर्थाचं काहीतरी, आणि वर त्या मुलाच्या जातीचाही उद्धार करते. गोळी तोंडात जातच नाही.

हे पान मी शाळेत असताना वाचलं होतं, ‘सेट बुक’ होतं ते आमचं. प्रश्नोत्तरं लिहिली असणार. पण मला ते मुळीच आठवत नव्हतं. आठवायचा तो शर्ट, ती शाळा, जाकोबोची मुलगी म्विहाकी. दहा-बारा वर्षांपूर्वी पुण्यात एका रद्दीवाल्याकडे तीच नारिंगी आवृत्ती मिळाली, रात्री उघडली, आणि त्या गोळीपाशी आले तेव्हा पुस्तक पालथं घालून स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले.

कारण सांगते. आम्ही नैरोबीतल्या न्गारा भागात रेल्वेच्या क्वार्टर्समध्ये राहायचो, वडील रेल्वेत हिशेबनीस. शाळेच्या फाटकाबाहेर एक बाई जिकोवर, म्हणजे कोळशाच्या शेगडीवर, मका भाजायची. अर्धं लिंबू तिखटमिठात बुडवून कणसावर चोळून द्यायची. (स्वाहिलीत मका म्हणजे महिंदी आणि आम्ही हिंदी लोक म्हणजे वाहिंदी. यावर रोज एक तरी विनोद व्हायचा.) माझी एक वर्गमैत्रीण होती, लिमुरूकडची. तिच्याकडे पैसे होते त्या दिवशी. तिने कणीस घेतलं, एक घास घेतला, मग मोडून अर्धं मला दिलं. मी तोंडाला लावणार तोच रस्त्याच्या पलीकडून आईचा आवाज आला. “घरी खायला मिळत नाही का गं तुला?” मराठीत. मैत्रिणीला शब्द कळले नाहीत, पण आवाज कोणालाही कळला असता. आमचं घर उष्टं-खरकटं कडक पाळणारं. मी कणीस गटारात टाकलं. तिने पाहिलं. दुसऱ्या दिवशी ती माझ्याशी नेहमीसारखीच बोलली. तेच मला जास्त लागलं.

हे झालं १९७४ला. पुस्तक वर्गात आलं पुढच्या वर्षी. म्हणजे कणीस ताजं होतं, आणि तरीही वाचताना मला काहीच टोचलं नाही! त्या पुस्तकात मी न्जोरोगे होते ना. दुकानातला तो मुहिंदी पोरगा मी असू शकते हे मनातही आलं नाही. आम्ही काय दुकानदार नव्हतो, आम्ही रेल्वेवाले, मराठी, दुकानं गुजराथ्यांची, असली आमची आपापसातली गणितं. फाटकाबाहेरच्या बाईला त्या गणिताशी काय घेणं होतं?

आईला नंतर एकदा विचारलं. तिला कणीस आठवत नव्हतं. “तिकडची कणसं पांढरी असायची, गोड नसायची,” म्हणाली.

न्गुगी २०२५च्या मे महिन्यात गेले, सत्त्याऐंशी वर्षांचे होते. तुम्ही वाचून झाल्यावर तुमचा शर्ट शाबूत राहिला का ते जरूर कळवा.


प्रश्न : मुलीला बी.ए.ला अचेबेची ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ आहे. तिच्याबरोबर मीही वाचायला घेतली. इंग्रजी बेताचंच, पण तेवढी अडचण येत नाही. अडते ती यॅम, कोला नट वगैरेंपाशी. आणि पानोपानी म्हणी आहेत. सगळं अडलेलं बघत बसले तर पुस्तक कधी संपणार?
— एक आई, कोल्हापूर

उत्तर : बघत बसू नका. यॅम म्हणजे आपल्या कोनफळाचं भावंड, फक्त दांडगं. नायजेरियातल्या इग्बो लोकांच्या त्या गावात माणसाची पत त्याच्या यॅमच्या कोठारावरून ठरते. कोला नट म्हणजे एक कडवट बी, पाहुणा आला की पुढे करायची, फोडताना प्रार्थना म्हणायची आणि मग ती कोणी फोडायची यावर “तुम्ही”, “नाही, तुम्हीच” असा आग्रह चालतो. पानसुपारीचं तबक पुढे आल्यावर आपल्याकडची म्हातारी माणसं काय करायची ते डोळ्यापुढे आणा, पान पुरं झालं. म्हणींचं म्हणाल तर त्या सासूबाई बोलताहेत अशा वाचा. सासूबाईंच्या प्रत्येक म्हणीचा अर्थ तुम्ही तेव्हा विचारला होतात का?

ही कादंबरी १९५८ची, आणि त्या नारिंगी मालेतलं पहिल्या क्रमांकाचं पुस्तक. ती थोडक्यात बचावली आहे. अचेबेने हाताने लिहिलेली एकुलती एक प्रत टंकलेखनासाठी लंडनच्या एका संस्थेला पोस्टाने पाठवली. त्यांनी बावीस पौंड मागितले, याने भरले, आणि मग महिनोन् महिने चिडीचूप. शेवटी लागोसच्या रेडिओतली त्याची वरिष्ठ इंग्रज बाई रजेवर लंडनला गेली, तिने त्या कचेरीत जाऊन झाडाझडती घेतली, तेव्हा कुठे काम झालं. मी नोकरीत असताना कुणी “मूळ प्रत पाठवून देते” म्हणालं की मला हेच आठवायचं.

एक मात्र ऐका. सातवं प्रकरण मुलीच्या आधी तुम्ही वाचा, आणि दिवसाउजेडी. त्याची सुरुवात फार गोड आहे. कादंबरीचा नायक ओकोन्क्वो आणि दोन पोरं, त्याचा मुलगा न्वोये आणि त्याच्या घरी वाढणारा इकेमेफुना, कुंपणाच्या लाल भिंती दुरुस्त करताहेत आणि आकाशातून टोळधाड येते. आपल्याकडे टोळधाड म्हटलं की छाती दडपते. इथे गाव आनंदाने नाचतं! फांद्या टोळांच्या भाराने मोडतात, लोक टोपल्या भरभरून ते गोळा करतात, भाजतात, उन्हात वाळवून पामतेलाबरोबर खातात. तेवढ्यात गावातला एक म्हातारा येतो आणि ओकोन्क्वोला बाजूला घेऊन इकेमेफुनाबद्दल दोन वाक्यं बोलतो. तो मुलगा तुला बाप म्हणतो, असं काहीसं. पुढचं मी सांगत नाही. मी चौदाव्या वर्षी ते शाळेच्या बसमध्ये वाचलं आणि माझा थांबा गेला.


प्रश्न : न्गुगी आणि अचेबे ही नावं सगळेच घेतात. तुमच्या पिढीने आणखी काय वाचलं? आणि परत वाचल्यावर न टिकलेलं काही?
— एक विद्यार्थी, ठाणे

उत्तर : ग्रेस ओगोटची ‘द प्रॉमिस्ड लँड’, १९६६ची, नैरोबीतच छापलेली. ओचोला नावाचा केनियातल्या लुओ जमातीचा शेतकरी जास्त जमिनीच्या आशेने बायकोला, न्यापोलला, घेऊन टांगानिकात, म्हणजे आजच्या टांझानियात, जातो. तिचं मन नसतं. मग एका शेजाऱ्याचा त्याच्यावर डूख, आणि ओचोलाच्या अंगावर काट्यासारखे फोड उगवतात. ते वाचून मी तीन रात्री आईच्या कुशीत झोपले. मेजा म्वांगीची ‘किल मी क्विक’ १९७३ची. शिकलेली दोन पोरं, मेजा आणि माइना, शहरात नोकरी मिळत नाही म्हणून गल्लीबोळातल्या कचऱ्याच्या डब्यांवर जगतात. आमच्या घरापासून चालत जायच्या अंतरावर रिव्हर रोड होता. बाबा म्हणायचे तिकडे जायचं नाही. मग पुस्तकातून गेलो.

न टिकलेलं म्हणशील तर पीटर अब्राहम्सची ‘माइन बॉय’ अर्धी. १९४६ची आहे, जोहान्सबर्गच्या खाणीत काम करायला आलेल्या झुमाची गोष्ट. शाळेत तिचा शेवट पाठ होता मला. आता तेच भाषण लांबतं, लेखक झुमाला बाजूला सारून स्वतः बोलायला उभा राहतो. पण चोरून दारू विकणारी लिया! पोलिसांना पैसे चारून खबर मिळवणारी, दांडगी, मायाळू, कोणालाही घरात घेणारी. ती बाई जरासुद्धा जुनी झाली नाही. फक्त तिच्यासाठी वाच.

आणि या सगळ्याबरोबर घरात ‘किशोर’ यायचा, बोटीच्या टपालाने, दोन महिने शिळा. पावसाळी अंक नैरोबीच्या कडक उन्हात. एका हातात तो आणि दुसऱ्या हातात मेजा म्वांगी. विचित्र वाटायला हवं होतं, वाटलं नाही.


प्रश्न : माझ्याकडे अशीच काही जुनी पेपरबॅक पुस्तकं आहेत. पाठीचा गोंद सुकून पानं सुटी होताहेत, कसरही लागली आहे. बाइंडिंग करून घेऊ का?
— एक निवृत्त शिक्षक, सावंतवाडी

उत्तर : सर, बाइंडरकडे देणार असाल तर समोर बसून करून घ्या. तो सवयीने तिन्ही कडा यंत्रात घालून कापतो, आणि या पुस्तकांचा समास आधीच बोटभर, ओळीच जातात. माझ्या दोन पुस्तकांची अशी वाट लागली आहे. मूळ पुठ्ठा फेकू देऊ नका, आत चिकटवायला सांगा. लॅमिनेशन अजिबात नको. कसरीसाठी आधी प्रत्येक पान मऊ ब्रशने झाडा, एक दिवस सावलीत वाऱ्यावर ठेवा, मग कपाटात वाळलेला कडुनिंब. कोकणातल्या पावसात कपाटाची पाठ भिंतीला टेकवू नका, चार बोटं अंतर सोडा. पानं फारच सुटी असतील तर बांधूच नका, पुठ्ठ्यासकट सुती कापडात गुंडाळून ठेवा.

माझी ‘द प्रॉमिस्ड लँड’ तशीच कापडात आहे. ती खरं तर माझी नाहीच. १९७७ला केनिया, युगांडा आणि टांझानियाचा पूर्व आफ्रिकी संघ मोडला, तिन्ही देशांची सामाईक रेल्वे वाटली गेली, बाबांची नोकरी गेली आणि आम्ही तीन आठवड्यांत बोटीवर बसलो. शाळेच्या लायब्ररीचं पुस्तक ट्रंकेत तसंच आलं. आतल्या पानावर जांभळा शिक्का आहे आणि परत करायची तारीख, १८ मार्च. दंड दिवसाला दहा सेंट. आमचे हे हिशेबात पक्के, त्यांनी एकदा आकडा काढला होता. मी कागद फाडून टाकला.